लग्नातले फोटो
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार माणसांपुढे बोलायला उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे चूल हाती आली. मोठा विषय मला झेपणार नाही. पण आपल्या चिटणीस ताई म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या लग्नाचे फोटो इतके मोकळे कसे आले, तेवढेच सांगा." तेवढे सांगते. मात्र सुरुवात माझ्या लग्नापासून करावी लागेल.

माझे लग्न १९९८ साली झाले. तेव्हा कॅमेऱ्यात रोल घालीत, एका रोलात ३६ फोटो. वडिलांनी दोन रोल ठरवले होते, म्हणून फोटोवाला अगदी मोजून मापून बटण दाबी. तो म्हणे, "मान वर करा, हसा." मागून मावशी म्हणे, "दात दाखवू नकोस, सासरची माणसे बघताहेत." दोघांचे ऐकता ऐकता माझा चेहरा असा झाला, जशी काही दाढ दुखते आहे! त्यात व्हिडिओवाल्याचा तो प्रखर दिवा तोंडावर. निम्म्या फोटोंत माझे डोळे मिटलेले. सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नाही, पोलके दंडात काचलेले, मुंडावळ्यांची गाठ केसांत रुतलेली. अशा मुलीला हस म्हटले तर ती कशी हसणार?

हेही एक वेळ चालले असते. पण त्या फोटोंत माझी आई नाही. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टके पाहू नयेत अशी रीत. ती त्या वेळी तुळशीला पाणी घालीत बसते. तेव्हा अक्षतांच्या फोटोंत ती नाही. कन्यादानाला ती वडिलांशेजारी होती, पण फोटोत तिचा हात आणि पाण्याची झारी तेवढी आली, तोंड बाहेर राहिले. पुढे पंगती सुरू झाल्या आणि ती कोठीघरात गेली. तिला कोणी बोलावले नाही. मीही नाही.

सगळे आटोपल्यावर रोलात एक फोटो उरला होता. तो संपवायचा म्हणून फोटोवाल्याने सहज बटण दाबले. आई माझ्या मुंडावळ्या सोडवीत होती, गाठीत केस अडकला होता, मी ओरडत होते आणि दोघीही हसत होतो. फोटो जरासा हललेला आहे. २००६ साली आई गेली, तेव्हा हार घालायला फोटो शोधू लागलो. शिधापत्रिकेवरचा एक होता, तो तिचा वाटेना. शेवटी या हललेल्या फोटोतला तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. भिंतीवर आहे तो तोच. कडेला माझा अर्धा कान आला आहे.

म्हणून मुलीचे लग्न ठरले तेव्हा मी मनाशी दोन गोष्टी धरल्या. मुलीला अवघडू द्यायचे नाही, आणि घरचे एकही माणूस फोटोबाहेर ठेवायचे नाही.

लग्नाआधी नदीकाठी फोटो काढायची हल्ली पद्धत आहे. मला ती पसंत नव्हती, खरे सांगते. पण तिचा एक उपयोग झाला. पहिला तासभर मुलगी आणि जावईबापू दोघेही खांबासारखे उभे. मग फोटोवाल्या मुलाने कॅमेरा बाजूला ठेवला, सर्वांनी टपरीवर चहा घेतला, गप्पा झाल्या. त्यानंतर त्याचे परकेपण गेले. लग्नात तो समोर आला तरी मुलगी बिचकली नाही. हे न करायचे तर त्याला साखरपुड्याला किंवा हळदीला तरी बोलवावे.

आठ दिवस आधी मी तिला शालू नेसवून, पोलके घालून पाटावर बसवले, वाकायला लावले, हात वर करायला लावले. बाही उसवावी लागली. ती त्या दिवशी काचली असती! पदराच्या पिना टोचत नाहीत ना, तेही तेव्हाच पाहिले. लग्नाच्या पहाटे दोन घास उपमा खाऊ घातला. उपास असणाऱ्यांनी दूध तरी द्यावे.

आणि तिला सांगितले, कॅमेऱ्याकडे बघूच नकोस. ज्याच्याशी बोलतेस त्याच्याकडे बघ. हाताला काही काम असले की अवघडलेपण जाते. ओटी भरताना, घास भरवताना, आजीला वाकून नमस्कार करताना कोणाचाच चेहरा खोटा येत नाही. ओळीने उभे राहूनच फोटो काढायचा असेल, तर आधी श्वास सोडावा आणि खांदे खाली टाकावेत. मला हे कोणी सांगितले नव्हते. आमच्या आजीचा एकुलता एक फोटो तर खुर्चीत काठी गिळल्यासारखा आहे. पुढे वाचनात आले की फोटो काढण्याची कला १८३९ साली जगजाहीर झाली, आणि आरंभी कॅमेऱ्यापुढे बराच वेळ न हलता बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकूसुद्धा लावीत. टेकू गेला, पण आपण अजून तसेच बसतो!

आता रोल नाही, मोजदाद नाही, तरी माणसे सुटायची ती सुटतातच. म्हणून एका कागदावर नावे लिहून तो भाच्याच्या हाती दिला: स्वयंपाकाच्या काकू, मांडववाल्यांचा पोरगा, आत्याबाई, ज्या नेहमी मागे राहतात. तो एकेकाला हाताला धरून आणी.

आणि एवढे करून मीच कोठीघरात! विहीणबाईंच्या पंगतीची धांदल होती. मुलगी मुंडावळ्यांसकट तिथे आली, म्हणाली, "आई, तू जेवलीस का?" मी जिलबीचा हात तसाच तिच्या गालाला लावला. मागून तो फोटोवाला आलेला मला दिसलाही नाही. तो फोटो मी आज आणला आहे. बघून परत द्या, एकच प्रत आहे. ताईंनी घंटीला हात घातला आहे, तेव्हा बसते.