दीर्घिकांची गणना, सिद्धान्ताची कसोटी
(सोलापूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मकरसंक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत दिवे उजळतात. जवळचे प्रखर, दूरचे मंद दिसतात. दिवे सर्वत्र सारख्याच दाटीने लावले असतील, तर प्रखर किती आणि मंद किती दिसावेत, हे गणित सांगते. मंद दिवे त्याहून अधिक निघाले, तर दूरवर दाटी अधिक आहे, असा निष्कर्ष निघतो. आकाशात तर दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. कारण प्रकाशाला येथवर यायला काळ लागतो. म्हणूनच ही गणना विश्वाच्या पूर्वेतिहासाची साक्ष ठरते.

१९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व अनादी आहे. ते प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने सदैव सारखेच दिसते, असे त्याचे प्रतिपादन. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांच्या गणनेवरून हा सिद्धान्त टिकत नसल्याचे जाहीर केले. मंद स्रोत अपेक्षेहून अधिक होते. हॉइल यांनी उत्तराची जबाबदारी सोपवली ती आपल्या २२ वर्षांच्या विद्यार्थ्यावर, कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांवर. दीर्घिका प्रचंड महासमूहांत विभागलेल्या असतील, तर अशी गणना स्थिर विश्वातही संभवते, असे त्यांनी दाखवले.

त्या काळी महासमूहांची कल्पना अनेकांना मान्य नव्हती. पुढे सर्वेक्षणांनी ते खरोखर असल्याचे सिद्ध केले. २०१७ मध्ये पुण्यातील 'आयुका' आणि 'आयसर'च्या शास्त्रज्ञांनी स्लोन सर्वेक्षणाच्या आधारे सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूरचा 'सरस्वती' महासमूह शोधला. 'आयुका'ची उभारणी नारळीकरांनीच केली होती.

तथापि, महासमूह सापडले म्हणून सिद्धान्त तरला नाही. १९६५ मध्ये विश्वव्यापी सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले. २००५ मध्ये दीर्घिकांच्या मांडणीत सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतराची खूण आढळली. आदिम विश्वातील ध्वनिलहरींचा तो ठसा होय. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा सिद्धान्त स्वीकारला. नारळीकरांनी १९९३ मध्ये सहकाऱ्यांसह पर्यायी प्रतिमान मांडले. तेही बहुमान्य झाले नाही.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपला माणूस म्हणून त्यांचे मत खरे मानणे, हा त्यांचा सन्मान नव्हे. बहुमतापुढे न झुकता प्रश्न विचारावा, आणि आपले उत्तर मात्र निःशंकपणे मोजणीच्या कसोटीवर ठेवावे, हाच त्यांचा वारसा. तो घरातील मुलांच्या हाती सोपवणे, हे आपले कर्तव्य आहे.