हाताला लागलेले तेल



चार्ल्स पार्सन्स हे एका आयरिश उमरावाचे चिरंजीव. केंब्रिजचे शिक्षण संपवूनही ते १८७७ साली न्यूकॅसलच्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून राहिले. १८८४ साली त्यांनी वाफेचे टर्बाइन व त्यावर चालणारे जनित्र घडविले आणि १८८९ साली स्वतःची कंपनी काढली. वाफेचा दाब पात्यांच्या अनेक ओळींतून टप्प्याटप्प्याने उतरविणे, ही त्यांची युक्ती. औष्णिक वीजकेंद्रे आजही त्याच तत्त्वावर चालतात.

माझ्या मुलास यंत्रशाळेत जावयाचे होते. "आपल्या घराण्यास हे शोभत नाही," असे म्हणून मी त्यास कारकुनीस लावले. ती चूक मला अद्याप सलते. आपल्या मुलांच्या हातांना तेल लागले, तर आपण लाजू नये, इतकीच विनंती.