गांवसभेचे नवे धनी

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व कांठावर, वाशी आणि घणसोली यांच्या दरम्यान, कोपरखैरणे हें गांव आहे. आज हें नांव उच्चारलें कीं, मुंबईकराच्या डोळ्यांपुढें सेक्टरांचे आंकडे, ठाणें-वाशी मार्गावरील रेल्वेस्थानक आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगा येतात. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वीं भात, मीठ आणि मासळी यांवर निर्वाह करणाऱ्या आगरी-कोळी लोकांचा हा मुलूख होता, आणि खेड्याला जशी विहीर असते, देऊळ असतें, तशी येथील गांवकऱ्यांना एक सभाही होती. तिचें नांव ग्रामसभा. गांवाचे धनी बदलले तेव्हां या सभेचें काय झालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ग्रामसभेची घडण मोठी साधी आहे. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव, तो तिचा सभासद. निवडून यावें लागत नाहीं, वर्गणी भरावी लागत नाहीं, कोणाची शिफारस आणावी लागत नाहीं. पंचायतीनें वर्षाचा जमाखर्च या सभेपुढें मांडावा आणि कोणीही उठून विचारावें कीं, विहिरीच्या दुरुस्तीचे पैसे खर्चीं पडले आहेत, मग कठडा अजून ढासळलेला कां? हें झालें कागदावरचें चित्र. प्रत्यक्षांत पुष्कळ गांवीं सभा म्हणजे चार वजनदार घराण्यांची बैठक असे. बायका दाराशीं उभ्या राहून ऐकत, आणि ठराव कित्येकदां आधींच लिहिलेला असे. तरीही प्रश्न विचारण्याची एक जागा होती आणि ती सर्वांना ठाऊक होती. एवढें थोडें नव्हे.

१७ मार्च १९७० रोजीं शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली. नवी मुंबई वसविण्यासाठीं ठाणें आणि तेव्हांचा कुलाबा या जिल्ह्यांतील ९५ गांवें तिच्या योजनेंत आलीं. सिडको सरकारी मालकीची खरी, पण कायद्यानें ती कंपनी आहे. कंपनीला भागधारक असतात, संचालक असतात, मतदार नसतात. सातबाऱ्यावरचें नांव गेल्याचें दुःख शेतकऱ्याला झालेंच. परंतु त्याबरोबर आणखी एक वस्तु गेली, तिची नोंद कोणत्याच दप्तरांत नाहीं. पंचायत होती, सभेची दवंडीही पिटली जात असेल; मात्र गांवाचें भवितव्य ठरविण्याचें काम सभेच्या बाहेर, दूर एका कचेरींत गेलें. जिच्यापुढें ठरविण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, अशा सभेला माणसें किती दिवस जमणार?

सभेंत न मावलेलें बोलणें मग रस्त्यावर आलें. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत, जासईच्या परिसरांत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांचें आंदोलन झालें आणि गोळीबारांत पांच जण प्राणांस मुकले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांइतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना पुढें अमलांत आली, ती एवढें मोल देऊन.

१ जानेवारी १९९२ रोजीं नवी मुंबई महानगरपालिका स्थापन झाली. तिच्या हद्दींत येणाऱ्या गांवांच्या ग्रामपंचायती मिटल्या आणि पंचायतींबरोबर ग्रामसभाही मिटली. यांतील दैवगति पाहण्यासारखी आहे. २४ एप्रिल १९९३ रोजीं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला भारताच्या राज्यघटनेंत मानाचें पान मिळालें. देशांतील खेड्यापाड्यांची सभा घटनेंत चढली तेव्हां कोपरखैरण्याची सभा पुसली जाऊन सवा वर्ष झालें होतें.

नव्या धन्यानें कांहींच केलें नाहीं असें म्हणणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरण महापालिकेनें स्वतःच्या मालकीचें केलें. इतर शहरें पाण्यासाठीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, त्या मानानें हें केवढें सुख! कोपरखैरण्यांत जेथें पूर्वीं शहराचा कचरा टाकला जाई, त्या जागेवर आज निसर्ग उद्यान आहे आणि सकाळीं वृद्ध मंडळी तेथें फिरतात. नळ, दिवे, रस्ते, झाडलोट यांविषयीं तक्रार करण्याची सोयही केलेली आहे. अर्ज द्यावा, त्याला क्रमांक पडतो.

पण तक्रार आणि चर्चा या दोन भिन्न वस्तु आहेत. तक्रार करणारा माणूस एकटा असतो. त्याच्या शेजाऱ्याची तक्रार त्याच्या उलट असूं शकते, आणि दोघांनाही आपापला क्रमांक मिळतो! एकाला रस्त्याकडेला मोटार उभी करावयास जागा हवी, दुसऱ्याला तोच रस्ता मुलांसाठीं मोकळा हवा. कचेरी दोघांचीं उत्तरें निरनिराळ्या कागदांवर देते. दोघांना समोरासमोर बसवीत नाहीं. सभेंत ते समोरासमोर बसतात, थोडें भांडतात, आणि पुष्कळदां मधला मार्ग त्यांचा त्यांनाच सुचतो.

शहरांसाठीं चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून आली. तिच्या अन्वयें मोठ्या शहरांत प्रभाग समित्या झाल्या. कोपरखैरणे येथें प्रभाग कार्यालय आहेच. परंतु महाराष्ट्राच्या कायद्यांत या समितींत त्या विभागाचे नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांतून घेतलेले फार तर तीन सभासद बसतात. ग्रामसभेंत सारें गांव, आणि येथें तिघे! त्यांतही मे २०२० मध्यें नगरसेवकांची मुदत संपल्यावर पांच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाहीं. प्रशासकांनीं कारभार पाहिला. त्या काळांत समोरासमोर प्रश्न विचारावयाचा तरी कोणाला?

सभेचे धनी बदलल्यानें काय होतें याचा एक जुना दाखला पुण्याचा आहे. २ एप्रिल १८७० रोजीं तेथें सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम आज वाचला तरी आदर वाटतो: सभासद होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. गणेश वासुदेव जोशी यांनीं ती उभी केली, न्यायमूर्ति रानडे यांनीं तिला विचार दिला, गोखल्यांनीं तिचें त्रैमासिक चालविलें. १८९५ मध्यें टिळकांच्या पक्षानें बहुमत मिळवून सभेची सूत्रें घेतलीं. नव्या चालकांच्या अंगीं धडाडी होती. दुष्काळ पडतांच सभेचे प्रतिनिधि खेड्यापाड्यांत गेले आणि साऱ्याच्या सुटीविषयीं सरकारचाच कायदा काय म्हणतो, तें त्यांनीं शेतकऱ्यांना समजावून सांगितलें. जुन्या चालकांनीं हें इतक्या थेटपणें केलें नव्हतें. परंतु रानडे-गोखले बाहेर पडले, १८९६ मध्यें त्यांनीं डेक्कन सभा काढली, आणि १८९७ मध्यें सरकारनें सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. मान्यता गेली याचें फारसें वाईट वाटण्याचें कारण नाहीं. वाईट वाटतें तें याचें कीं, एका छपराखालीं वाद घालणारीं माणसें दोन छपरांखालीं गेलीं, आणि आपापल्या सभेंत त्यांना विरोध करणारा फारसा कोणी उरला नाहीं.

मग सभा सुधारावी कशी? गडचिरोली जिल्ह्यांत मेंढा-लेखा नांवाचें गोंडांचें लहानसें गांव आहे. तेथें बहुमतानें निर्णय होत नाहीं. सर्वांची संमति होईपर्यंत विषय पुढें पुढें चालतो. एकाचीही हरकत असली तर तिचें ऐकून घ्यावयाचें. याहून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचा अभ्यास गट. हा गट निर्णय घेत नाहीं, केवळ विषय समजून घेतो, जाणत्यांना बोलावतो, उलटसुलट तपासतो. ठरवावयाचें तें ग्रामसभेनें. समजून घेणें आणि ठरविणें हीं कामें वेगळीं ठेवल्यामुळें सभेंत आवाज चढविणाऱ्याचें फारसें चालत नाहीं. याच गांवाला २००९ मध्यें सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

मेंढ्यांत सगळे एकमेकांना ओळखतात, कोपरखैरण्यांत तसें नाहीं, ही अडचण खरी आहे. येथें मूळचे आगरी-कोळी आहेत. वाशीच्या बाजारांत पाठीवर पोतीं वाहणारे, सातारा-पुण्याकडून आलेले माथाडी कामगार आहेत. कचेऱ्यांत जाणारे नोकरदार आहेत. आणि दर अकरा महिन्यांनीं घर बदलणारे भाडेकरी तर असंख्य. तरी यांतील बहुतेकांना सभेची संवय आहे. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबर संपण्यापूर्वीं भरते. त्या सभेंत गच्चीच्या गळतीवरून होणारी खडाजंगी ज्यांनीं ऐकली आहे, त्यांनीं शहरी माणसाला चर्चेंत रस नाहीं असें म्हणूं नये! तेथें विषयपत्रिका आधीं फलकावर लागते आणि मागील सभेचें इतिवृत्त प्रथम वाचलें जातें. हीच रीत शहरांतील एका लहान टापूला लावली म्हणजे झाली क्षेत्रसभा. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २००९ मध्यें अशा क्षेत्रसभेची तरतूद कायद्यांत केलीही आहे. ती व्यवहारांत उतरावी असें वाटत असेल तर नागरिकांनीं तिचें नांव घेऊन मागणी केली पाहिजे, आणि महापालिकेनें मागील सभेच्या प्रत्येक प्रश्नाचें उत्तर, नकार असला तर नकारही, पुढील सभेंत वाचून दाखविलें पाहिजे. गांवकरी, माथाडी आणि भाडेकरी यांच्या बायकांची बैठक आधीं स्वतंत्र भरावी. खेड्यांत महिलांच्या ग्रामसभेचा असा पायंडा कायद्यानेंच घातला आहे.

पहिल्या सभेला विषयांची वाण पडणार नाहीं. गांवठाणांत कुटुंब वाढल्यामुळें गरजेपोटीं बांधलेल्या घरांचें काय करावयाचें, हा एक. सिडकोच्या घराची पुरती किंमत घेऊनही त्याखालची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानेंच कां दिली गेली, हा दुसरा. पहिला प्रश्न गांवकऱ्याचा आणि दुसरा सेक्टरांत राहणाऱ्याचा. हे दोघे एकाच सतरंजीवर बसून एकमेकांचा प्रश्न ऐकत आहेत, असा प्रसंग कोपरखैरण्यांत अद्याप यावयाचा आहे.