मासेमारीच्या परवान्याची खरी किंमत
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या मांडवात धानवाले शेतकरी आहेत आणि तलावावर जगणारे ढीवर बांधवही आहेत. दोघांचे पोट एकाच तलावावर, तरी दोघे एका बैठकीला क्वचितच येतात. म्हणून आजचा विषय मुद्दाम घेतला आहे. मासे धरायचा हक्क सरकारकडून घ्यायचा, तर तो केवढ्याला पडतो?

कोणत्याही मच्छिमार सोसायटीत हा प्रश्न विचारला की पावतीवरचा आकडा सांगतात. आम्ही शेतीमालाच्या भावासाठी इतकी वर्षे भांडलो, ते उत्पादन खर्च मांडायला शिकलो म्हणून. तीच रीत इथे लावायची आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. समुद्रात नाव घालायची तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खाली परवाना लागतो. तो नियमनाचा परवाना आहे. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, तीही त्याच नियमनाचा भाग. आपल्या तलावाचे तसे नाही. इथे सोसायटीला ठेका मिळतो, साधारण पाच वर्षांचा. ठेका म्हणजे खंड. दुसऱ्याची जमीन खंडाने करावी, तसे सरकारचे पाणी खंडाने करायचे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हिशेब. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, आपापल्या तलावाचे तुम्ही भरायचे. समजा 20 हेक्टरचा तलाव, 40 सभासद. वर्षाचा ठेका 10,000 रुपये. हेक्टरी 2,000 प्रमाणे 40,000 बोटुकली सोडली, दीड रुपया नग, झाले 60,000. वाहतूक 8,000. रात्रीची राखण, दोन माणसे, 240 रात्री, 300 रुपये रोज, 1,44,000. जाळी आणि डोंग्यांची वर्षाची झीज 30,000. कचेरीच्या बारा चकरा, दोन माणसांची मजुरी आणि गाडीभाडे मिळून चकरेला हजार, 12,000. व्यापाऱ्याकडून लाखाची उचल, शेकडा दोन रुपये महिना, आठ महिने, 16,000. जाळे ओढणे, वीस माणसे, वीस दिवस, 300 रुपये, 1,20,000. बेरीज करा. 4,00,000 रुपये.

यात ठेका किती? 10,000. चाळीस रुपयांत एक रुपया. कचेरीच्या चकराच ठेक्यापेक्षा महाग पडल्या. राखणीची रात्र आणि ओढणीचा दिवस कोणी मोजत नाही, कारण माणूस घरचा. शेतकरीही घरची मजुरी धरत नव्हता, म्हणून त्याला आपला तोटा दिसत नव्हता.

पुढे चला. बोटुकलीतली चौथाई जगली, 10,000 मासे. सरासरी वजन 600 ग्रॅम, म्हणजे 6,000 किलो. किलोला खर्च पडला सुमारे 67 रुपये. व्यापाऱ्याने 90 दिले तर 5,40,000 आले. मजुरी वजा जाऊन 1,40,000 उरले, सभासदाला 3,500.

आता दुसरे वर्ष घ्या. पावसाने ताण दिला. धान निसवायच्या वेळी शेतकऱ्याला पाणी हवे, तुडूम उघडला, तलाव तळाला गेला. मासा वाढायच्या आत काढावा लागला, 350 ग्रॅमचा. 3,500 किलो. ओढणीचा खर्च थोडा घटेल, तो सोडून देऊ. किलोला खर्च 114 रुपये, भाव तोच 90. 85,000 चा खड्डा. त्या वर्षी सरकारने सगळा ठेका माफ केला तरी 75,000 चा खड्डा राहतोच.

म्हणून आमचे सांगणे असे. ठेका माफ करा ही मागणी सोपी आहे, टाळ्या मिळवणारी आहे, पण तिने सोसायटी तरत नाही. सोसायटी तरते ती पाण्याने.

मग पाणी सोडणारा शेतकरी चुकला का? अजिबात नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचे मालगुजारी तलाव धानासाठीच बांधले गेले. कोहळी समाजाने त्यात पिढ्या घातल्या. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले, पण गावाचे सिंचनाचे आणि निस्ताराचे हक्क राहिले. धानाचा पहिला हक्क आम्हाला मान्य आहे. अडचण अशी की गाळाने तलाव उथळ झाले, काठाने बेशरम माजली. पूर्वी धानाला देऊन माशापुरते उरत होते. आता जे पाणी आहे त्यावर शेतकरी आणि ढीवर भांडतात, आणि ज्याने खंड घेतला तो मालक बाजूला उभा राहून बघतो.

खंडाचा रिवाज आपल्याला ठाऊक आहे. खंडाने दिलेली जमीन मालकाने भर हंगामात मोडून घेतली, तर खंड कोण मागेल? सरकारने पाण्याचा खंड घेतला आणि पाणीच राहिले नाही, तर त्या वर्षीचा खंड त्याने सोडला पाहिजे आणि बोटुकलीचा खर्चही भरून दिला पाहिजे. ही दया मागणे नव्हे, व्यवहार आहे.

दुसरा प्रश्न, हा पैसा जातो कुठे? अमेरिकेत हौसेने गळ टाकणाऱ्यालाही त्या त्या राज्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. 1950 साली तिथल्या केंद्राने कायदा केला. गळ, काठ्या यांसारख्या साहित्यावरच्या कराचा पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी द्यायचा. त्याला अट घातली. परवान्याचा पैसा मत्स्य आणि वन्यजीव खात्याखेरीज दुसरीकडे वळवणार नाही असा कायदा राज्याने आधी केला पाहिजे. वळवला तर केंद्राचा पैसा बंद. वाटपात 40 टक्के भार क्षेत्रफळाला आणि 60 टक्के परवानाधारकांच्या संख्येला. त्यामुळे परवाना घेणारा माणूस सरकारच्या हिशेबात मोजला जातो. तिथला माणूस हौसेने मासे धरतो, आपला पोटासाठी. तुलना तेवढीच ठेवू. पण जिथला पैसा तिथेच खर्च व्हावा, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. आपला ठेक्याचा पैसा भरल्यावर तुडुमाची गळती तरी थांबते का, हे ज्याने त्याने आपल्या तलावावर जाऊन पाहावे.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचे ठरवले. किसान क्रेडिट कार्ड तर 2018 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातच मच्छिमारांना देऊ केले होते. निर्णय कागदावर चांगले आहेत. आपल्या हिशेबातले 16,000 रुपये व्याज ज्या दिवशी कमी होईल, त्या दिवशी ते पोचले असे आम्ही म्हणू.

आता करायचे काय? चार गोष्टी.

पहिली, दर तलावावर पाणी वापरणारे शेतकरी आणि सोसायटी यांनी एकत्र बसून पाण्याची खूण ठरवावी. त्या खुणेखाली तुडूम उघडायचा तर दोघांच्या सहीने.

दुसरी, पाळीलगत खोल डोह काढावा आणि गाळ धानाच्या बांधीत न्यावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 पासून आहे. मासा डोहात तगेल, बांधी कसदार होईल.

तिसरी, पाणी खुणेखाली गेल्यास खंड माफ आणि बीजाची भरपाई, हे कलम ठेक्याच्या करारात लिहून घ्यावे. नवा ठेका करतानाच ते मागायचे, सही झाल्यावर मागून उपयोग नाही.

चौथी, ठेक्याच्या पैशाचा तलाववार हिशेब ग्रामसभेत वाचला जावा.

मायबहिणींनो, तुम्हाला वेगळे सांगणे आहे. बाजारात मासळी घेऊन तुम्ही बसता. तुमचा दिवस, बर्फ, टोपलीचे गाडीभाडे या हिशेबात आम्ही धरलेले नाही, कारण ते आकडे तुमच्याजवळच आहेत. ते तुम्ही सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक सोसायटीने मागच्या तीन वर्षांचा हिशेब असाच मांडून आणावा, आणि त्याच तलावाच्या शेतकऱ्यांनी तुडूम कोणत्या तारखांना उघडला ते लिहून आणावे. दोन्ही कागद शेजारी ठेवू आणि मग कचेरीत जाऊ.