मेंढरांमागची बाई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी मेंढरांवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसू द्या! आपल्या बीड जिल्ह्यात पाऊस बेताचा, बालाघाटच्या माळावर गवत खुरटे. तिथे काटक दख्खनी मेंढी तेवढ्यावर आणि पीक निघाल्यावर उरलेल्या पाल्या-धसकटांवर जगते. रात्री शेतात मेंढरे बसवली की लेंड्यांचे खत जागच्या जागी पडते. म्हणून तर शेतकरी धनगरांना आपण होऊन बोलावतो, धान्य किंवा पैसे देतो.

हा व्यवहार पुरुष ठरवतात. पण वाडा, म्हणजे त्यांचा फिरता संसार, चालवते कोण? बिऱ्हाड घोड्यावर लादायचे, तीन दगडांची चूल मांडायची, लांबून पाणी आणायचे, अशक्त कोकराला मांडीवर घेऊन दूध पाजायचे, हे सारे बाईकडे. प्रदर्शनात मेंढ्याची अंगलट, दात, खूर पाहून नंबर देतात. फेटा मालकाच्या डोक्यावर बसतो. कोकरू जगवणारी तेव्हा वाड्यावर भाकरी थापत असते.

माझीच चूक सांगते. मागच्या हिवाळ्यात आमच्या शेतात वाडा उतरला होता. तिथल्या बाईने काळे घोंगडे दाखवले. मी सवयीने निम्म्या भावात मागितले. ती म्हणाली, "ताई, सूत म्याच कातलंय. नुसती लोकर इकली तर कातरायचा खर्चबी निघंना, म्हून घोंगडं करून घेतलं. आता त्येचंबी मोल नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. दख्खनी लोकर जाडीभरडी, तिला गिऱ्हाईक कमी. ती कातरायची, पिंजायची, कातायची. मग विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडे विणतो. इतक्या हातांचे मोल मी एका शब्दात निम्मे केले होते! तिने सांगितला तोच भाव दिला.

अहिल्यादेवी होळकरांची जयंती आपण थाटात करतो. त्या १७२५ साली चौंडीला, आपल्या आष्टी-पाटोद्यालगतच्या जामखेड तालुक्यात, धनगर घरातच जन्मल्या. त्यांच्या तसबिरीला हार घालायचा आणि बांधावरच्या धनगरणीशी घासाघीस करायची, हे शोभते का?

माझी सूचना साधी आहे. यंदा शिवारात वाडा उतरला, तर तिथल्या बायकांना हळदीकुंकवाला मानाने बोलवावे आणि मंडळासाठी एक घोंगडे पुऱ्या भावाने घ्यावे. त्यावर बसूनच पुढची सभा भरवू.