शून्य आणि रिकामी जागा



येताना मी तुमच्या शाळेसाठी एक पर्जन्यमापक आणला आहे. तो इथे टेबलावर ठेवलाय. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

माझी सगळी नोकरी हवामानाचे नकाशे वाचण्यात गेली. आज तुम्हाला विल्यम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाबद्दल सांगायचं आहे. जन्म 1929चा. मुलाला व्हायचं होतं बेसबॉलपटू. गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथेच थांबलं. मग भूगोलाची पदवी, हवाई दलात हवामानाचे अंदाज देण्याचं काम, शिकागोला पुढचं शिक्षण आणि 1961पासून कोलोरॅडो स्टेट विद्यापीठ. समुद्रापासून कितीतरी दूर, रॉकी डोंगरांच्या पायथ्याशी बसून या माणसाने आयुष्यभर समुद्रावरच्या वादळांचा अभ्यास केला. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो, त्यातल्या जोरदार वादळाला अटलांटिकच्या बाजूला हरिकेन म्हणतात.

वादळ जन्मायला काय काय लागतं, हे त्यांनी 1968मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून मांडलं. नुसतं तापलेलं पाणी पुरत नाही. चुलीचा धूर आठवा. हवा शांत असेल तर तो सरळ वर चढतो. खाली एक वारा आणि वर दुसरा असेल तर तो विस्कटतो. वादळाचंही तसंच आहे. समुद्रालगतचा वारा आणि दहा-बारा किलोमीटरवरचा वारा यांत फार फरक असला, की वादळाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे जातं. प्रशांत महासागरात एल निनो असला, म्हणजे तिथलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की कॅरिबियनवर वरच्या थरातले पश्चिमेचे वारे जोर धरतात आणि वादळांना उभं राहू देत नाहीत. 1982-83चा एल निनो मोठा होता. 1983मध्ये अटलांटिकवर नाव देण्याजोगी अवघी 4 वादळं झाली. ग्रे यांनी हा दुवा पकडला आणि 1984पासून मोसमाच्या आधीच सबंध मोसमाचा अंदाज द्यायला सुरुवात केली. या धाग्याचं एक टोक आपल्या देशात आहे. सर गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. आपल्या मान्सूनचा अंदाज बांधता बांधताच त्यांना प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा, एल निनोशी जोडलेला झोका सापडला. मला याचा फार अभिमान वाटतो.

मग आलं 2005. त्या मोसमासाठी आदल्या डिसेंबरात ग्रे यांच्या गटाने 11 वादळं सांगितली होती. झाली 28. त्यात न्यू ऑर्लिन्सला बुडवणारं कॅटरिना होतं. त्याच वर्षी एक शोधनिबंध आला: 1970च्या दशकापासून जगातल्या सर्वांत तीव्र वादळांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आहे. लेखकांपैकी एक, ग्रेग हॉलंड, ग्रे यांचेच विद्यार्थी. ग्रे यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं, की अटलांटिकमधले प्रवाह काही दशकांच्या फेऱ्याने बदलतात, वादळं त्यानुसार वाढतात आणि घटतात, माणसाच्या धुराशी त्याचा संबंध नाही. शिवाय जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत. उपग्रह नव्हते तेव्हा भर समुद्रात जन्मून तिथेच विरलेली वादळं कोणी पाहिली?

हा प्रश्न अगदी रास्त होता. 2005च्या त्या 28 वादळांतलं एक तर मोसम संपल्यानंतर, नोंदी पुन्हा तपासताना सापडलं, तेही इतके उपग्रह डोक्यावर असताना. अशा शंकांमुळेच जुन्या नोंदी नव्याने चाळल्या गेल्या. वादळांची एकूण संख्या वाढते आहे असं आजही शास्त्रज्ञ ठामपणे म्हणत नाहीत. पण तीव्र वादळांचं प्रमाण गेल्या चार दशकांत वाढलं असण्याची दाट शक्यता आहे, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021च्या अहवालात नोंदलं आहे.

ग्रे मात्र पुढे गेले. तापमानवाढ हे थोतांड आहे, काही वर्षांत पृथ्वी पुन्हा थंड होऊ लागेल, असं ते सांगत राहिले. तसं झालं नाही. 2014 हे तोवरचं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं, 2015ने त्याला मागे टाकलं. एप्रिल 2016मध्ये ग्रे गेले आणि ते वर्ष त्याहूनही उष्ण निघालं. ज्यांची मांडणी वाचून मी वादळं ओळखायला शिकलो, त्यांनी हयातीत आलेले आकडे पाहूनही मत बदललं नाही, याचं मला मनापासून दुःख होतं.

कारण हाच माणूस स्वतःला तपासू शकत होता. डिसेंबर 2011मध्ये ग्रे आणि त्यांचे सहकारी फिलिप क्लोत्झबाख यांनी जाहीर केलं, की आम्ही वीस वर्षं डिसेंबरात दिलेले अंदाज पडताळले, ते उपयोगी ठरलेले नाहीत, म्हणून डिसेंबरात आकडे देणं आम्ही थांबवत आहोत. नाव ज्या कामाने झालं त्यातलाच एक भाग त्यांनी असा चारचौघांत मागे घेतला. तो मजकूर मी पुण्याच्या कचेरीत उभ्याउभ्या वाचला आणि कपाटातून माझ्या जुन्या अंदाजांच्या वह्या काढल्या.

तुम्ही कोकणातली मुलं. 3 जून 2020ला निसर्ग वादळात तुमच्या घरांचे पत्रे उडाले, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. तुम्हाला वादळ मी काय सांगणार! नोंद कशी ठेवायची तेवढं सांगतो. हा पर्जन्यमापक झाडापासून, भिंतीपासून लांब, मोकळ्या जागेत पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा. उद्यापासूनच सुरुवात करा. हे दिवस कोरडे आहेत, तेव्हा भांड्यात काही नसेल. वहीत शून्य लिहा. कोणी मोजायला गेलंच नाही, तर त्या दिवशी शून्य लिहू नका. ती जागा रिकामी सोडा आणि शेजारी लिहा, ‘पाहिलं नाही’.