पालवणकर बाळू : एक स्मरण



तात्यापाऱ्यातील या शाळेच्या हीरक महोत्सवात किती गुणवंत घडले याचा हिशेब मांडला जाईल. गुणवत्तेला दारे किती उघडली, हेही तपासावयास हवे. त्यासाठी पालवणकर बाळू यांचे स्मरण उचित ठरेल.

चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात युरोपियन क्लबाच्या खेळपट्टीची देखभाल करीत आणि इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करीत. त्या सरावातूनच त्यांची डावखुरी फिरकी सिद्ध झाली. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना मैदानात घेतले. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात दिला.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र शंभराहून अधिक बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. तो मान 1923 साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना लाभला.

या शाळेतील कोणत्याही बाळूला आपल्या हक्काच्या मानासाठी धाकट्या भावाच्या पिढीची वाट पाहावी लागू नये, हाच या महोत्सवाचा संकल्प असावा.